सुज्ञ गृहस्थाची हत्यारपेटी

घरातली किरकोळ कामे आपली आपणच करायची, असा निश्चय गृहस्थाने जरूर करावा. पण खरेदी उरकेपर्यंत त्याची वाच्यता करू नये. निश्चय आधी जाहीर झाला तर काम लगेच गळ्यात पडते. खरेदी आधी झाली असेल तर “सामान आलंय, आता रविवारी बघू” एवढ्यावर भागते. रविवार कोणता, हे विचारण्याची पद्धत सुसंस्कृत घरांत नाही.

हत्यारे निवडणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथातले लोक आधी काम बघतात आणि मग त्याला लागेल ते हत्यार आणतात. हे बहुधा सुतार, प्लंबर वगैरे असतात, त्यामुळे त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. दुसऱ्या पंथातल्या माणसाला रात्री अकरा वाजता मोबाइलवर ‘एकशे एक नगांचा होम टूल किट’ निम्म्या किमतीत दिसतो. काम तो सावकाश शोधतो. पेटी घरी आली की नग मोजून घ्यावेत. हातोडी एक, पक्कड एक, पान्हा एक, स्क्रू ड्रायव्हरची मूठ एक. बाकी सगळे स्क्रू, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणि मुठीत बसवायची टोके. प्रत्येक गिट्टी हा स्वतंत्र नग धरलेला असतो. या हिशेबाने पावशेर साबुदाणा हाही काही हजार नगांचा संच आहे.

टोकांपैकी घरात सारखे लागते ते एकच: अधिकच्या चिन्हाचे, दोन नंबरचे. या चिन्हाच्या स्क्रूचे पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली मिळाले आणि मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलून धरला, कारण टोक खाचेत आपोआप मधोमध बसते. गृहस्थ मात्र पेटीतले हाताला लागेल ते टोक घेतो. एक नंबरचे टोक दोन नंबरच्या खाचेत घालून जोर केला की स्क्रूचे डोके आतून गुळगुळीत होते. मग तो स्क्रू ना आत जातो, ना बाहेर येतो. अशा स्क्रूवर भिंतीच्या रंगाचा हात मारून पुढच्या कामाला लागावे.

आता मोजटेप. हे पेटीतले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार. संचात येतो तो बहुतेक वेळा तीन मीटरचा. आपल्याकडची बेडरूम दहा फुटांची, म्हणजे तीन मीटर आणि वर पाच सेंटिमीटर. एवढ्या पाच सेंटिमीटरसाठी भिंतीवर पेन्सिलची खूण करून दुसऱ्यांदा मोजावे लागते आणि कपाट आत जाते की नाही हे त्या खुणेवर ठरते. तेव्हा टेप पाच मीटरचा घ्यावा, त्यातही रुंद पातीचा. पात मधून खोलगट असते, म्हणून बाहेर काढली तरी ताठ राहते; जितकी रुंद, तितकी लांबवर ताठ. समोरचे टोक धरायला घरात कोणी मोकळे नसते, त्या वेळी याचे मोल कळते.

टेपच्या टोकाला पत्र्याचा एक आकडा असतो आणि तो किंचित हलतो. दुकानात तो हलताना दिसला की चोखंदळ गिऱ्हाईक म्हणते, “हा ढिला आहे, दुसरा दाखवा.” दुसराही हलतो. तिसराही. आकडा मुद्दामच सैल ठेवलेला असतो. तो फळीच्या कडेला अडकवून ओढला की स्वतःच्या जाडीएवढा बाहेर सरकतो, भिंतीला टेकवून दाबला की तेवढाच आत जातो; त्यामुळे आकड्याची जाडी दोन्ही वेळा हिशेबातून निघून जाते. काही घरांत कर्त्या पुरुषाने हा दोष हातोडीने ठोकून दूर केलेला असतो. त्या घरातल्या ड्रॉवरना कायम एक मिलिमीटर कमी पडतो आणि ठपका सुतारावर येतो.

एवढे झाल्यावर मुख्य विषयाकडे, म्हणजे ड्रिल मशीनकडे वळू. विजेवर चालणारे, हातात धरायचे ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली बनवले. त्याला पिस्तुलाची मूठ आणि घोडा बसवला तो अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर यांनी. त्याचे पेटंट १९१७चे आहे. हत्याराला घोडा नसता तर निम्म्या पुरुषांनी हे मशीन घेतलेच नसते, असे आमचे मत आहे. विकत घेताना माणूस ते हातात धरतो, रिकामेच दोनदा घुर्र करतो आणि मान डोलावतो. इथे परीक्षा संपते.

खरी परीक्षा दुकानदार घेतो. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाण्यापूर्वी तिची तयारी करून जावे. संवाद साधारण असा होतो:

“काय लावायचंय साहेब?”

“पडद्याचा रॉड.”

“भिंत कसली?”

“पिस्ता कलर.”

यावर दुकानदार हसत नाही, कारण हे उत्तर त्याला नवे नसते. तो मशीन आत ठेवतो आणि समोरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. कोणते मशीन, कोणता बिट, केवढी गिट्टी, हे सगळे भिंत ठरवते आणि भिंतीची खरी जात रंगाच्या व प्लास्टरच्या मागे असते. ती ओळखण्याची सोपी रीत म्हणजे भोकातून पडणारी धूळ बघणे. पहिला अर्धा इंच सगळीकडे राखाडीच येते, ते प्लास्टर. त्यावरून मत बनवू नये. त्यानंतर लाल धूळ आली तर विटेची भिंत, गृहस्थाचे नशीब चांगले. पांढुरकी भुरभुर आली आणि बिट लोण्यात गेल्यागत आत गेला तर सिपोरेक्सचे ब्लॉक. राखाडी पीठच येत राहिले आणि बिट जागचा हलेना, तर पुढे काँक्रीट आहे.

विटेला साधे इम्पॅक्ट ड्रिल पुरते. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून मिनिटाला हजारो बारीक धक्के देतात. पण मागून रेटा आपल्याच हाताचा लागतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने ठोके मारतो, माणसाला नुसते धरून उभे राहायचे असते. काँक्रीटला हे दुसरेच पाहिजे. सिपोरेक्सला मात्र ठोका अजिबात नको, हॅमरचे बटण बंद ठेवावे. नाहीतर आठ मिलिमीटरच्या भोकाचे बघता बघता बीळ होते आणि गिट्टी त्यात स्क्रूबरोबर गरागरा फिरते. नव्या टॉवरांत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, ज्याला बिल्डर मायवन म्हणतात. तिथे लाल धुळीची वाट बघत बसू नये.

गंमत अशी की जुन्या, विटांच्या घरातही पडद्याचा रॉड नेमका काँक्रीटवरच लावायचा असतो. खिडकीच्या वर साधारण सात फुटांवर लिंटेल असते, वरच्या विटांचा भार झेलायला. भोवतालची सगळी भिंत मऊ, आणि आपली खूण तेवढी लिंटेलवर. गृहस्थ घामाघूम होतो, बिटाचे टोक लालबुंद होते, बायको आतून विचारते, “झालं का?” अशा वेळी मशीनच्या कंपनीला दोष देण्याची प्रथा आहे. आवाज एकदम किणकिणता झाला तर बिट सळईला लागला आहे. तिथे पराक्रम न करता भोक इंचभर सरकवावे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली आणि नळाच्या रेषेत तर भोक पाडूच नये, कारण वायर आणि पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात.

गिट्टीविषयी थोडे गंभीरपणे लिहिणे भाग आहे. मशीनवर हजारो रुपये घालणारा माणूस गिट्ट्या मात्र रॉडबरोबर फुकट आलेल्या वापरतो. त्या इंचभर लांब असतात. त्यातला अर्धा इंच प्लास्टरमध्ये जातो आणि प्लास्टर काही धरून ठेवत नाही. उरलेल्या अर्ध्या इंचावर रॉड, दोन जाड पडदे आणि पडद्याला लोंबकळणारे मूल, एवढा भार असतो. दिवाळीत पडदे धुवायला काढताना रॉड प्लास्टरच्या ढेकळासकट हातात येतो, तो या कारणाने. गिट्टी दोन इंची घ्यावी आणि तेवढ्याच लांबीचा स्क्रू. किंमत चहापेक्षा कमी पडते. पण गिट्टीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकता येत नाही, ही तिची मोठी उणीव आहे.

ड्रिल मशीनचा हमखास उपयोग वर्षातून एकदा होतो, खंडेनवमीला. पाटावर मांडून हळदकुंकू वाहावे. चक तेरा मिलिमीटरचा असेल तर झेंडूचे देठ त्यात नीट बसते. दहाच्या चकात जरा ओढाताण होते.

पाणसळ जरूर घ्यावी, पण वापरताना मन घट्ट करावे. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आणून लावलेली फळी शंभर टक्के सरळ असते आणि वाकडी दिसते. कारण शेजारची खिडकी सरळ नसते, छत खिडकीशी जुळत नाही आणि फरशीचा उतार बाल्कनीकडे जायच्या ऐवजी हॉलकडे आलेला असतो. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाशी इमान राखायचे की खिडकीशी, हे गृहस्थाने आधीच ठरवावे. पाहुणे खिडकीकडे बघतात.

पावसाळ्यात बाथरूमचे दार फुगून अडायला लागले की रंधा विकत घेण्याची तीव्र इच्छा होते. ती दाबावी. लाकूड ओल पिऊन आडवे फुगते, हवा सुकली की परत आवळते. जुलैत रंधा मारलेल्या दाराला नोव्हेंबरात एवढी फट पडते की आतले बाहेरून दिसते. तोवर दाराच्या कडेला मेणबत्ती घासावी. हेही हत्यारच आहे, आणि वीज गेल्यावर दुसऱ्या कामी येते.

टेस्टर प्रत्येक घरात असतो आणि त्याने सगळे केले जाते: रंगाचे डबे उघडणे, चष्म्याचे स्क्रू पिळणे, सिंकची जाळी खरवडणे. वीज आहे की नाही हे बघण्याचे काम त्याला क्वचित मिळते. ते देण्याआधी चालू असल्याची खात्री असलेल्या एखाद्या सॉकेटमध्ये तो पेटतो का, हे पाहून घ्यावे. आतला दिवा फुटला असेल तर टेस्टर बिनदिक्कत सांगतो की वीज नाही. एवढ्या एका बाबतीत थट्टा नको: आधी एमसीबी खाली करावा, मगच बोर्ड उघडावा.

राहता राहिल्या त्या वस्तू, ज्या कुठल्याच संचात येत नाहीत आणि ज्यांच्यावाचून काहीच होत नाही. सुतार घरात पाऊल टाकताच पहिल्यांदा काय मागतो ते आठवावे: “स्टूल आहे का? आणि एक्स्टेंशन बोर्ड?” ड्रिलची वायर जेमतेम दोन मीटरची, सॉकेट पलंगामागे, आणि भोक सात फुटांवर. शिवाय स्टूल धरायला एक माणूस लागतो. तो घरातलाच असावा, म्हणजे “डावी बाजू खाली आहे” हे स्पष्टपणे सांगतो. धुळीसाठी डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा लावावा. तो विकत घेताना दोन घ्यावेत, कारण धूळ खाली पडते आणि वर तोंड करून “झालं का?” विचारणारा खालीच उभा असतो.