अर्थिंगवाले काका

ज्या सोसायटीत एक तरी जुनी फियाट उभी आहे, तिथे एक अर्थिंगवाले काका असतातच. वय पासष्टच्या पुढे. नोकरी बँकेत झालेली, नाहीतर पोस्टात, नाहीतर शाळेत. विजेशी संबंध आला असेल तर दरमहा बिल भरण्यापुरता. रविवारी सकाळी बनियन आणि डागाळलेली पँट घालून ते पार्किंगमध्ये उतरले, की तिथल्या पोरांना कळतं, आज इथे क्रिकेट नाही.

काकांचं निदान जिना उतरतानाच झालेलं असतं. हॉर्न वाजत नाही? अर्थिंग. स्टेअरिंग वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो? अर्थिंग. वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबला? दुसरं काय असणार! वैताग याचा, की निम्म्याहून जास्त वेळा ते बरोबर निघतात. गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायर जाते ती एकच. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्या पत्र्याला गंज धरला, किंवा रंगाऱ्याने उत्साहाच्या भरात स्क्रूखालीही रंग फासला, की करंटची वाट अडते आणि तो मिळेल त्या बोळातून घरी जायला बघतो.

हे पाहायचं असेल तर काकांना मागच्या दिव्यापाशी गाठावं. पुढे सीटवर सोसायटीतलं एखादं सातवीतलं पोरगं वेठीला धरलेलं असतं.

"दाब रे ब्रेक."

"दाबला काका."

"क्लच नको, ब्रेक!"

"मधला ना?"

मधला दाबला जातो आणि ब्रेकचा लाल दिवा लागायच्या ऐवजी शेजारचा पिवळा इंडिकेटर मिणमिणतो. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो दिवा धडपणे लागला असता तर दिसला नसता. "बघ, बघ! ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून परत चाललाय!" मग ती तडकलेली, फेविक्विकने दोनदा सांधलेली लाल काच निघते, आतला तपकिरी गंज पॉलिश पेपरने घासला जातो, पत्रा पांढरा झाला की स्क्रू पुन्हा आवळला जातो. काम दहा मिनिटांचं. काका त्याला दीड वाजवतात, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो गंज दाखवायचा असतो.

हत्यारं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. मुलाने वाढदिवसाला पाठवलेलं मल्टिमीटर खोक्यातच आहे; डब्यात मान आहे तो घरी बनवलेल्या टेस्ट लॅम्पला, म्हणजे १२ व्होल्टचा एक बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा. यात हट्ट आहेच, पण शहाणपणही आहे. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे एका तारेवर लोंबकळणाऱ्या कनेक्शनवरही ते बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतं. बल्बला करंट लागतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर जावई घरातला निऑन टेस्टर घेऊन मदतीला येतो, टोचून बघतो आणि जाहीर करतो, "करंटच नाहीये." काका त्याच्याकडे ज्या करुणेने पाहतात, ती करुणा त्याला सासरी एरवी कधी मिळालेली नसावी. "अहो जावईबापू, तो टेस्टर घरच्या २३० व्होल्टचा. इथे १२. तो लागणारच नाही."

फ्यूजच्या बाबतीत मात्र काका कडक. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज चालू करणाऱ्यांना ते गुन्हेगार समजतात आणि माझंही मत तेच आहे. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. चांदी जळत नाही, मग वायरिंग जळतं आणि कधीकधी गाडीही. बॅटरी काढतानाही निगेटिव्ह आधी सुटणार आणि लागणार शेवटी, म्हणजे पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या कोमट पाण्याने धुवायची. सोडा अर्थातच वरून येतो.

"अहो, सोड्याची पुडी पुन्हा नेलीत? ढोकळ्याचं पीठ भिजलंय माझं!"

"पाठवतो, चमचाभर शिल्लक आहे!"

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी, म्हणजे हीच फियाट, टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात हटली, तेव्हा लोकांनी फोटो टाकून उसासे सोडले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती गाडी. एकेकाळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. काकांनी उसासा वगैरे सोडला नाही. टॅक्सी भंगारात निघाल्या म्हणजे टेललॅम्प सुटणार, हे ताडून ते कुर्ल्याच्या भंगारबाजाराच्या चौकशीला लागले.

या सगळ्याचा कस लागतो आरटीओत. १५ वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तिथे इन्स्पेक्टर सांगतो, "हेडलाइट लावा. इंडिकेटर. ब्रेक. हॉर्न." काका एकेक बटण दाबतात आणि सगळं लागतं. इन्स्पेक्टर काही न बोलता सही करून पुढच्या गाडीकडे वळतो. काका हिरमुसतात. अर्थिंगबद्दल त्याने काहीतरी विचारायला हवं होतं, अशी त्यांची रास्त अपेक्षा असते.

बाकी गाडी जाते कुठे, तर गणपतीच्या देवळापर्यंत आणि परत. चालवण्याचा सोस त्यांना नाहीच. सगळे दिवे लागत असलेली गाडी त्यांना संशयास्पद वाटते. असा रविवार आलाच तर ते डॅशबोर्डखाली डोकं घालतात आणि चांगली चाललेली एखादी वायर "जरा बघतो" म्हणून सोडवतात. पुढच्या रविवारची सोय तिथे होते.

तर तुमच्या जुन्या गाडीचा एखादा दिवा मंद लागत असेल, तर आधी त्याची अर्थची वायर जिथे पत्र्याला बसवली आहे तो स्क्रू काढा, गंज खरवडा, पुन्हा घट्ट आवळा. दिवा लागला तर उत्तमच. नाही लागला तर सरळ इलेक्ट्रिशियनकडे जा. पण लागो न लागो, काकांच्या कानावर घालू नका. तुम्हाला गाडी सोमवारी हवी असेल.