धाकट्यांची इंग्रजी

इंग्रजी भाषा थोरल्या भावांनी घडवली, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. 'प्युनी' म्हणजे किडमिडा, क्षुल्लक. हा शब्द मूळचा फ्रेंच आणि त्याचा अर्थ एवढाच, की नंतर जन्मलेला. नंतर जन्मलात ना, मग तुम्ही किडमिडेच! आमच्या दादाला फ्रेंच येत नसे, पण पेढ्याचे दोन तुकडे करताना हे शास्त्र तो बिनचूक पाळायचा.

गंमत म्हणजे हाच शब्द स्पेलिंग बदलून कोर्टात रुबाबात वावरतो. हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती सोडून बाकी सगळे 'प्युनी जज'. भलेभले वकील ज्यांच्यापुढे वाकतात, ते भाषेच्या हिशेबाने कुणाचे तरी धाकटे भाऊ! हे कळल्यापासून न्यायव्यवस्थेबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते.

खरी फरफट झाली ती 'कॅडेट'ची. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गॅस्कनी नावाचा मुलूख आहे. तिथल्या बोलीत नायकाला 'कापदे' म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ डोकं. तिथल्या सरदार घराण्यांतली धाकटी पोरं राजाच्या फौजेत दाखल होत. त्यामुळे फ्रेंचांच्या लेखी या शब्दाचा अर्थच 'धाकटा मुलगा' असा झाला. तोच इंग्रजीत गेला आणि आज खडकवासल्याच्या प्रबोधिनीत कवायत करतो. स्कॉटलंडमध्ये त्याचा 'कॅडी' झाला. आधी पडेल ते काम करणारा पोऱ्या, मग गोल्फच्या काठ्या वाहणारा. कॅडीचं शेपूट तुटून 'कॅड' उरला, म्हणजे हलकट माणूस. नायकापासून हलकटापर्यंतची ही घसरगुंडी, आणि गुन्हा काय, तर जन्माला यायला उशीर!

दादाची शाळेची पँट माझ्याकडे यायची तेव्हा तिच्या पायाशी जुन्या दुमडीची गडद निळी रेघ असायची. त्या रेघेवरच आई पुन्हा दुमड घालायची. त्यामुळे कॅडेटचं दुःख मला शब्दकोश न उघडताही कळतं.

इंग्रज सरदारांकडे चौथ्या मुलाच्या ढालीवर पाय नसलेल्या पक्ष्याची खूण असे. टेकायला जमीनच नाही, तर पाय हवेत कशाला? राजघराण्यातही तीच तऱ्हा. 2023 साली धाकट्या राजपुत्राने आत्मचरित्राला नाव दिलं 'स्पेअर'. चक्क स्टेपनी! त्या मानाने वारसाहक्काचे नियम सांगणारी आपली मिताक्षरा भली. तिने सगळ्या मुलग्यांना सारखा वाटा दिला, त्यामुळे आपल्याला धाकट्यासाठी वेगळी शिवी घडवावी लागली नाही. सगळ्यांना मिळून 'भाऊबंदकी' हा एकच शब्द पुरला.

परवा मोठ्या तावातावाने हे सगळं दादाला ऐकवलं. त्याने शांतपणे चष्मा पुसला.

"आणि थोरल्याला काय म्हणतात रे?"

"एअर. म्हणजे वारस."

"बरोबर. अण्णांनी शेजाऱ्यावर भिंतीचा दावा लावला होता ना, तो वारसाहक्काने माझ्या नावावर आलाय. पुढच्या तारखेला तू जातोस का?"


मी म्हटलं, "दादा, तू थोरला. तूच जा."