भाकरीला चालतात, पेपरला नाही!

अहो, ऐकलंत का? खालच्या आळीतल्या गुरुजींच्या नातीला लेखनिक मिळाला! हो, कॉलेजच्या परीक्षेला. 3 तासांचा पेपर, हिला 4 तास.

तिच्या बोटांचं माहीतच आहे तुम्हाला. पेन धरलं की अंगठा आत वळतो, मनगट ताठ. बाकी पोरगी ठणठणीत. त्यावरून काय कमी बोलले का लोक! चुलती तर भर हळदीकुंकवात म्हणाली, "भाकरी थापायला बोटं बरी चालतात, पेपर आला की आखडतात." पोरगी वाण हातात घेऊन उभी, तोंड एवढंसं झालेलं. मग डॉक्टरांनीच सांगितलं, या दुखण्याची तऱ्हाच अशी. रायटर्स क्रॅम्प. लिहायला लागलं की धरतं, बाकी कामाला नाही. चुलती तेव्हापासून... जाऊ दे, आपण कशाला बोला.

तर काय सांगत होते, आजी! अपंगत्वाचा दाखला काढायचा म्हटल्यावर आजींनी जेवणच सोडलं. "एकदा कागदावर चढलं की उद्या पाव्हणे बघायला आले तर काय सांगायचं?" गुरुजी पेपरात तोंड घालून बसले. आई तेवढी खमकी. वडूजच्या स्टँडवरून पहिली एसटी धरली, पुसेगाव-कोरेगाव करत साताऱ्याला सिव्हिलला घेऊन गेली.

दाखला आला, तर कॉलेजच्या ऑफिसातले साहेब चष्म्यावरून बघतात. "40 टक्के कुठंयत? नियमात बसत नाही." पोरीनं आवाज न चढवता कागद पुढं सरकवला. सुप्रीम कोर्टाचा निकाल, 2021 च्या फेब्रुवारीतला, विकास कुमारचा. अहो, त्यालाही हेच दुखणं! यूपीएससी लेखनिक द्यायला तयार नव्हती. न्यायमूर्ती चंद्रचूड साहेबांनी सांगितलं, लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टात केंद्रानं 40 च्या खालच्यांसाठी नियमच काढले, तासाला 20 मिनिटं जादा. पोरीला सगळं तोंडपाठ. साहेबांनी एकदम चहाच मागवला म्हणे!

आणि हुशार किती बघा. नीटला ती अवनी प्रकाश नव्हती का, मुंबईच्या हायकोर्टात गेलेली? दाखला होता, तरी जादा तास दिला नाही, सगळ्यांबरोबर पेपर काढून घेतला. मग सुप्रीम कोर्टानं परीक्षा घेणाऱ्या एनटीएला सुनावलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. म्हणून हिनं अर्ज आधीच टाकला, पोच घेतली, शिक्क्यासकट.

लेखनिक कोण माहितीये? मामेभाऊ, बारावीतला. शिक्षण तिच्यापेक्षा खालचं लागतं ना. घरी सराव चाललेला, मी दळण आणायला गेले होते तर ओसरीवर थांबलेच. ही सांगते, "शेतकरी कर्जबाजारी झाला पूर्णविराम." त्यानं अक्षरात लिहिलं, पूर्णविराम! आई हसून हसून खाली बसली. त्याची आई मात्र फुगलीय, माझ्या पोराची बोर्डाची परीक्षा कोण देणार म्हणून. तिचंही खरंच आहे म्हणा...

बरं, खरी गंमत राहिलीच. परवा आजी मला बाजूला घेऊन विचारतात, "मला कानानं कमी ऐकू येतं, माझं निघेल का गं ते अपंगांचं कार्ड? एसटीला सवलत असते म्हणे." म्हटलं, आजी, पंच्याहत्तरी उलटली तुमची, फुकटच फिरता की!