जोडलेल्या हातांचे व्याकरण

दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली आले. दोघांनी भाषेची अब्रू राखली, पण दोघांच्याही ग्रंथांत जोडलेल्या हातांवर प्रकरण नाही. त्यांचा दोष नाही. हे हात जपानी मोबाइलमधून निघाले, 2010 साली युनिकोडमध्ये दाखल झाले आणि तिथून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उतरले. आता नाम, क्रियापद, केवलप्रयोगी अव्यय ही सगळी खाती तेच सांभाळतात.

सेक्रेटरी कळवतात, 'उद्या टाकी धुणार, पाणी दुपारनंतर.' खाली जोडलेले हात. अर्थ : कळले. मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी येते. खाली पुन्हा हात, तेही यादीतल्यांचेच. अर्थ : बघू. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका जातात. तेच हात, पण आता श्रद्धांजली. काकांचा मुलगा वैकुंठात किती वाजता न्यायचे ते कळवतो. हात. याचा अर्थ 'येतो' की 'जमणार नाही, समजून घ्या', हे तिथे डोकी मोजल्यावरच कळते.

नुसते हात ज्यांना कोरडे वाटतात अशी संस्कारी मंडळी शब्द लिहितात. म्हणजे 'भा' लिहितात. पुढचे कीबोर्ड बघून घेतो. तो लगेच 'भावपूर्ण' पुढे करतो, ते घेतले की 'श्रद्धांजली' दारात उभीच. दोन टिचक्यांत भाव पूर्ण. मध्यंतरी सोसायटीतली एक मुलगी सीए झाली. एका काकूंना लिहायचे होते 'भारीच गं!', पण बोट सवयीच्या जागी पडले आणि पोरीला श्रद्धांजली वाहिली गेली. पोरीने उत्तर दिले. जोडलेले हात.

भाषा बिघडल्याचे खापर मात्र फुटते तरुणांवर. ते म्हणे मराठी रोमन लिपीत लिहितात. लिहितात खरे, पण ही सवय कशी लागली तेही पाहावे. एसएमएसच्या जमान्यात एका संदेशात रोमन अक्षरे मावत 160. देवनागरी सुरू केली की घरे उरत 70, आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, प्रत्येकाला वेगळे घर. नुसते 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हटले तरी मधल्या मोकळ्या जागेसह 20 घरे गेली. म्हणजे आपल्या लिपीत शोक करणे जवळजवळ दुप्पट महाग होते. रिचार्जचे पैसे मोजून वापरणाऱ्या कॉलेजातल्या पोराने रोमन लिपी धरली, तर त्यात भाषाद्रोह कसला? काटकसर होती ती. आता देवनागरीला जादा पैसे पडत नाहीत, तरी सवय सुटत नाही, आणि गॅसवाला 'काल' आला की 'काळ' बनून आला हे वाचणाऱ्याला ताडावे लागते. पण निदान ती पोरे वाक्ये लिहितात! 'आई क्लास सुटला, पाऊस आहे, छत्री नाही, भूक लागलीय.' यात कर्ता, क्रियापद, भूक, सगळे काही आहे.

त्यांच्या लघुरूपांचाही फार जाच करून घेऊ नये. 'कृ. सा. न. वि. वि.' हे काय होते? रा. रा., ती., चि., सौ. का. आजोबांनी पोस्टकार्डावर भाषेचे जेवढे तुकडे पाडले, तेवढे त्यांच्या नातवाला अजून जमलेले नाहीत. शेवटी 'क. लो. अ.' ठरलेलेच. साचा तेव्हाही होता. पण 'वि. वि.' आणि 'क. लो. अ.' यांच्या मधोमध मजकूर असे. आंब्याची पेटी पोचली, डझनभर नासके निघाले. ताईचे स्थळ मोडले, एका अर्थी सुटली. आप्पांचा खोकला हटत नाही, वैद्य बदलावा म्हणतो. आम्ही वरचे ठेवले, खालचे ठेवले आणि मधला मजकूर तेवढा काढून टाकला.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा मंजूर केला. ग्रुपवर फुगे उडाले, ढोल वाजले, टाळ्यांच्या रांगा लागल्या. एकाने शब्दही वापरले : 'प्राउड मोमेंट'. दोन हजार वर्षांच्या भाषेचा सत्कार करताना तिच्यातल्या एकाही क्रियापदाची कुणाला गरज पडली नाही. 27 फेब्रुवारीला तर पाहायलाच नको. कुसुमाग्रजांच्या फोटोखाली त्यांनी कधीच न लिहिलेल्या ओळी येतात, त्या ओळींत मराठी वाचवा असे बजावलेले असते, आणि वाचवण्याची रीत म्हणजे हा संदेश दहा जणांना पाठवणे.

तिसऱ्या मजल्यावरचे काका पावसाळ्यात रोज पहाटे जिन्यात पडलेले सगळ्यांचे पेपर उचलून ज्याच्या त्याच्या कडीत अडकवायचे. त्यांच्या मुलाला हे ठाऊक असेलच असे नाही. तो नोकरीसाठी बाहेरगावी असतो. ग्रुपवर हे कुणीही लिहिले नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी शेजारचे कुणी गेले तर त्याच्याबद्दल एक वाक्य लिहा. रोमन लिपीत लिहा, ऱ्हस्वदीर्घ चुकवा, चालेल. आणि हा लेख आवडला तर कृपा करून अंगठा पाठवू नका. काय खटकले ते लिहा.