अंदाजवाले सावकार

हुबळी-धारवाडच्या खानावळींत गल्ल्यावर बसणारी एक जात आहे, अंदाजवाले सावकार. एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाज आला, की त्या दिवशी हे सावकार सुट्ट्या पैशांऐवजी टक्केवारी हातावर ठेवतात. "यंदा शंभरच्या वर म्हणतात बघा!"

आता हे शंभर टक्के कशाचे? जून ते सप्टेंबरात देशभर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो, त्याचे. त्यात राजस्थान आलं, चेरापुंजीही आलं. पण सावकारांना वाटतं, खात्यानं हे पत्र थेट त्यांच्या मुदपाकखान्याला धाडलंय. आकडा शंभरच्या वर गेला, की बेसनाची पोती चढतात. पाऊस म्हणजे मिरची भजी आणि गिरमिट. खाली आला, की ताकाचं मोठं पातेलं आणि दोन जादा कूलर. हुबळीत ऊन असताना नवलूर ओलांडलं की धारवाडला झिमझिम सुरू, हे खुद्द त्यांच्याच धारवाडच्या मेव्हण्याकडून फोनवर कळतं. तरी भरवसा दिल्लीवरच. सोलापूरचं दाते पंचांगही गल्ल्यात असतं. मृगाचं वाहन बेडूक की उंदीर ते त्यात बघायचं, आणि दोघांचं जुळलं नाही तर मान पंचांगाला, माल खात्याप्रमाणे.

मात्र विजेचं त्यांचं गणित अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पाऊस कमी, तर सुपा आणि लिंगनमक्की भरत नाहीत. धरणं रिकामी, तर वीज तोकडी. वीज तोकडी, तर जनरेटर. २०२३ साली हे सगळं ओळीनं घडलं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला आणि पुढे ऑक्टोबरात राज्यभर विजेची ओढाताण झाली. तेव्हा अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पडला ९४. "दोनच टक्के चुकलं की हो," असं कुणी म्हटलं, तर सावकार म्हणतात, "ते दोन टक्के आमच्या डिझेलला विचारा री!"

आत स्वयंपाकघरात मात्र वेगळंच हवामान. चुलाण्याला खेटून, भिंतीला पाठ लावून डीप फ्रीझर उभा आहे. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सुटलेलं. तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलीय. फटीतून गारवा रोट्टी बडवणाऱ्या अक्काच्या पायांना लागतो. उन्हाळ्यात ती बसायची जागा हलवू देत नाही, ते उगाच नव्हे. कॉम्प्रेसर रात्रंदिवस घुरघुरतो. हेस्कॉमचं विजेचं बिल आलं, की सावकार चष्मा कपाळावर चढवतात आणि गंभीरपणे सांगतात, "प्रशांत महासागर तापलाय."

मिस्त्री दर खेपेला तेच सांगतो : रबर बदला, फ्रीझर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, मागची जाळी झाडा. बिल उतरेल. सावकारांचं उत्तर ठरलेलं, "आधी ला निना येऊ दे, मग बघू."

अक्का एवढं काही बघत नाही. सकाळी मागच्या दारातून पश्चिमेकडे एक नजर टाकते आणि त्या बेतानं ज्वारीचं पीठ काढते. तिचं पीठ क्वचितच उरतं. सावकारांचं बेसन दर दोन वर्षांनी जाळं धरतं.

तुम्ही जाल तेव्हा एवढंच करा : पावसाचा विषय ताट उठल्यावर काढा. आधी काढलात, तर सावकार एल निनोपासून सुरुवात करतील आणि रोट्टी गार होईल.