गिझरकाका

गिझरकाकांना तुम्ही ओळखता. तुमच्या सोसायटीत ते वेगळ्या आडनावानं राहतात, एवढंच. निवृत्त, चष्मा दोरीला, आणि इमारतीत पाइपचा गॅस आल्यापासून नोकरीत होते त्याहून जास्त बिझी. जिन्यात कुणी ‘गॅस गिझर घ्यावा म्हणतोय’ असं नुसतं पुटपुटलं, की वरच्या मजल्यावर यांच्या चपला वाजायला लागतात.

आमच्या गिझरकाकांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी दोन उदबत्त्या असतात. घरात पाऊल टाकलं की चहा नको, पाणी नको. पहिला प्रश्न, “बाथरूमला खिडकी कुठंय?” मग आत जायचं, दार लावून घ्यायचं, उदबत्ती पेटवायची आणि धूर कुठं जातो ते बघत उभं राहायचं. धूर झरोक्याकडं ओढला गेला तर स्वारी खूश. जागीच घुटमळला तर बाहेर येऊन, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात त्या आवाजात, “इथं हवा खेळत नाही.”

वास्तुशांतीला गेले, तर गुरुजींच्या पुढ्यातली उदबत्ती उचलून नेली. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पोहे यायच्या आत बाथरूमच्या फटीतून धूर. मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलाकडचे काका चोरून ओढतात. आणि बी विंगमधले आजोबा गेले तेव्हा तर कहर झाला. भिंतीशी फोटो, फोटोला हार. काका आले, गंभीर चेहऱ्यानं खिशातून उदबत्ती काढली, पेटवली. घरातल्यांचे डोळे भरून आले. काका फोटोवरून तसेच पुढं, बाथरूममध्ये.

सहाव्या मजल्यावर नवं जोडपं आलं. घराचं इंटिरिअर असं, की चप्पल कुठं काढावी कळू नये. त्यांनी सेलमध्ये गिझर मागवला. रंग टाइल्सला मॅच होतो, हा मुख्य निकष. काकांनी खोकं उलटं करून लेबल वाचलं आणि कपाळाला हात लावला. “सूनबाई, हा सिलिंडरच्या गॅसचा. तुमच्याकडं पाइपचा. सिलिंडरच्या गॅसला दाब जास्त, उष्णता जास्त, म्हणून याच्या जेटचं भोक बारीक. पाइपच्या गॅसवर लावलात तर ज्योत मरतुकडी आणि पाणी कोमट.” भोक मोठं करून देतो म्हणणाऱ्या प्लंबरला काकांनी जिन्यापर्यंत सोडून यायचे कष्ट घेतले.

गिझर बदलून आला. काका म्हणाले, बाहेर ड्राय बाल्कनीत लावा, आत फक्त गरम पाण्याची लाइन घ्या. इंटिरिअरवाला म्हणाला, बाल्कनीत वाईट दिसतो. त्यानं गिझर शॉवरशेजारी लावला आणि डास येतात म्हणून झरोक्याला काच ठोकली. उदबत्तीचा धूर उभा राहिला तो हललाच नाही. “आंघोळ लांबली की आतला ऑक्सिजन कमी पडतो, जळण अर्धवट होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो,” काकांचं चालू झालं. “हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं चिकटतो. रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर कळतं, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. याच्यात कोण मिसळणार?” मुलगा मोबाइलमध्ये बघत ‘हो काका’ म्हणाला. लाखाच्या टाइल्स घेणारी माणसं वीतभर झरोक्याला महाग होतात. पुढं काकांनी रोज बेल वाजवून वाजवून तो गिझर बाल्कनीत काढायला लावला, त्यांनीही काढला तो पटलं म्हणून नव्हे, बेल थांबावी म्हणून. माणूस बरोबर बोलत असला की किती असह्य होतो, हे काकांमुळं कळतं.

एक मात्र कबूल करायला हवं. नरक चतुर्दशीला पहाटे सगळ्या इमारतीला उटणं लागलेलं असतं आणि नेमके तेव्हाच कुणाकुणाचे गिझर मुके होतात. टक टक आवाजही येत नाही. त्या वेळी काका मफलर गुंडाळून, पिशवीत दीड व्होल्टचे मोठे सेल घेऊन जिने चढत असतात. पैसे दिले तर घेतात, पण सुटे मागतात.

परवा त्यांच्याकडं जायचा योग आला. ओट्यावर पातेल्यात आंघोळीचं पाणी तापत होतं. गिझर नाही! बाथरूम आतल्या बाजूला, खिडकी नाही. स्वतःच्याच परीक्षेत काका नापास. म्हटलं, विजेचा घ्या की. “इन्स्टंट तीन किलोवॉटचा, हो! मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला दहा लागतात.” मग साठवणीचा घ्या म्हटलं, तर ते त्यांनी ऐकलंच नाही. बरं, बाल्कनीतून लाइन आणा, सगळ्यांना सांगता तशी. त्यावर बराच वेळ पातेल्यावरचं झाकण सारखं करत राहिले.

“भिंत फोडावी लागेल. त्या निळ्या टाइल्स हिनं निवडल्यात. तसल्या आता मिळत नाहीत.”

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मी काही बोलायच्या आत त्यांनी फडक्यानं पातेलं उचललं आणि बाथरूमकडं जाता जाता विचारलं, “तुमच्या वरच्या मजल्यावर टाकीचा दाब पुरतो का? नाही, गिझर पेटता पेटता विझत असेल म्हणून विचारतो. संध्याकाळी येऊन जातो.”