नवश्रोत्याचा आचारधर्म

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकू लागणाऱ्याने स्वर, ताल आणि राग समजून घ्यावेत असे सर्व ग्रंथ सांगतात. मात्र मैफलीत त्याच्या शेजारी जो गृहस्थ येऊन बसणार असतो, त्याच्याविषयी एकाही ग्रंथात अवाक्षर नाही. ‘जाणकार’ या संज्ञेने ओळखला जाणारा हा श्रोता स्वतः गात नाही, वाजवत नाही, परंतु गायकाने षड्ज लावण्यापूर्वीच ‘आज आवाज लागलेला दिसत नाही’ असा निर्वाळा देतो. नवश्रोत्याचे खरे शिक्षण त्याच्याच शेजारी होत असल्याने प्रस्तुत विवेचन त्याला केंद्रस्थानी ठेवून केले आहे.

आलाप सुरू होताच जाणकार ‘कोणता राग, सांगा पाहू?’ असे विचारतो. सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर भूप आणि देशकार या दोन्ही रागांत लागतात. भूपात गंधाराला प्राधान्य असते, तर देशकारात धैवताला, आणि हा भेद कानाला कळण्यास काही वर्षे लागत असल्याने तोवर घड्याळ पाहावे, कारण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात व देशकार सकाळी. या शास्त्रशुद्ध पद्धतीस शुद्धकल्याण तेवढा दगा देतो: तो रात्रीच गायला जातो, चढताना हुबेहूब भूपासारखा वाटतो आणि उतरताना मिंडेतून निषाद व तीव्र मध्यमाला हळूच स्पर्श करतो. म्हणून गायक वरून खाली येईपर्यंत नवश्रोत्याने चष्मा पुसत राहावे.

तालाच्या बाबतीत मात्र जाणकाराइतके खात्रीचे साधन नाही. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतील विस्तृत गायन, बहुधा बारा मात्रांच्या विलंबित एकतालात असते आणि त्याचे एक आवर्तन पाऊण मिनिटही चालू शकत असल्याने सम, म्हणजे पहिली मात्रा, केव्हा येणार याचा नवख्याला पत्ता लागत नाही. तबल्याच्या ठेक्यात ‘धागे तिरकिट’ हे बोल दोनदा येतात. पहिल्या खेपेस त्यांच्यामागून ‘तू ना’ येते आणि नवश्रोता फसून मान डोलावतो, दुसऱ्या खेपेस ‘धी ना’ या दोनच मात्रा उरतात आणि गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेकडे निघालेला असतो. हे सारे न मोजता कळावे असे वाटत असेल तर जाणकाराच्या मांडीवरील बोटांकडे पाहावे. तो बोलतो ते पुष्कळदा ऐकीव असते, पण ती बोटे चुकत नाहीत, आणि सम आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो निर्मळ आनंद पसरतो तो पाहिल्यावर त्याच्या उरलेल्या बडबडीचा राग धरवत नाही.

दाद त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या मात्रेने द्यावी.

वाद्ये जुळवली जात असताना टाळ्या वाजवू नयेत. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकरांच्या सतारजुळणीलाच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या होत्या.

मध्यंतरात जाणकार बटाटावडा हातात घेऊन जुन्या काळाविषयी बोलू लागतो. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकी त्याने ऐकलेल्या असतात, निदान तसे तो सांगतो. येथे त्याला अडवू नये, कारण त्याचे म्हणणे रास्त आहे: रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आल्यापासून मध्यरात्रीचा दरबारी आणि उत्तररात्रीची सोहनी त्यांच्या वेळेला ऐकण्याची संधी जवळजवळ संपली, आणि समयाचे शास्त्र सांगणाऱ्या संगीताला पोलिसांच्या घड्याळाप्रमाणे गावे लागते ही गोष्ट कोणालाही चीड आणणारीच आहे.

ज्यांना जाणकार मुळीच सोसवत नाही, त्यांच्यासाठी घरचा मार्ग मोकळा आहे. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकड्यांचे ध्वनिमुद्रण आज सहज मिळते; तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत असल्याने त्या थोर मंडळींना राग तेवढ्यात उभा करावा लागला, आणि त्यांनी तो केला. प्रारंभ तेथून करावा, एकच तबकडी आठवडाभर ऐकावी. नाहीच आवडली, तर रोजची सव्वातीन मिनिटेच वाया जातात.